ओढ्यापलीकडचा खांब

पावणेसहाला यंत्र मुकं झालं आणि मला हसू आलं.

हसू दाबायला मी खोकलो. पलीकडच्या टेबलावर पोस्टमास्तर परचुरे टपालाच्या थैलीवर लाखेचा शिक्का मारत होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"काय हो सुतार, थांबलं का?"

"थांबलंय खरं." मी उगाच तारयंत्राची किल्ली चार-दोनदा दाबून पाहिली. जिल्ह्याच्या तारघरात परेरा नावाचा सिग्नलर बसायचा. आत्ता आत्तापर्यंत तो मला एका व्यापाऱ्याची गुळाच्या भावाची तार देत होता. अर्ध्या शब्दावर तुटला. "उत्तर नाही, साहेब."

"पावसानं?"

"पाऊस कुठाय? तीन दिवस उघडीप आहे."

 परचुरे घड्याळाकडे बघत म्हणाले, "वेळ लिहून ठेवा." मी लिहिली. सायंकाळी पाच पंचेचाळीस. अक्षर सुरेख आलं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. तोडायचा खांब मीच दाखवला होता ना!

हे बेचाळीस सालचं. भाद्रपद लागला होता. सोनवळ हे आमचं तालुक्याचं गाव, आणि त्या गावातून बाहेर जाणारी तार एकच. लोखंडी खांबांवरून, सडकेच्या कडेकडेनं थेट जिल्ह्याला. तिच्या या टोकाला मी बसायचो. निवृत्ती सुतार, वय एकवीस, मॅट्रिक पास, सरकारी सिग्नलर. आमच्या आळीत मला तारमास्तर म्हणत, आणि तसं म्हटलं की माझी छाती दोन बोटं फुगायची. शहाणपण नुसतं उतू जात होतं त्या वयात.

मला शिकवलं माझ्या दाजींनी. आईबाप प्लेगात गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. थोरल्या बहिणीनं, अनसाक्कानं, मला सासरी आणलं, आणि तिच्या नवऱ्यानं एका शब्दानं नाराजी दाखवली नाही. बळवंत सुतार. गाडीची चाकं करण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात कुणी नव्हता. त्यांनी मला पहिल्यांदा रंधा हातात दिला, मी फळीची पार वाट लावली, आणि दाजी पोट धरून हसले. "अनसे, तुझा भाऊ सुतार न्हवं. ह्येचं डोकं येगळं हाय, ह्येला शिकवू." आणि शिकवलं. मॅट्रिक झाल्यावर पुण्याला तारेच्या वर्गात घातलं, स्वतः बैलगाडीनं स्टेशनवर सोडायला आले.

त्या वर्गातला गोरा मास्तर पहिल्याच दिवशी आम्हाला सांगायचा, की सत्तावन्न सालच्या बंडात या तारेनं हिंदुस्थान वाचवला. दर वर्षीच्या पोरांना सांगत असणार. वाचवला तो कुणासाठी, हे त्यानं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आम्ही टिपून घेतलं.

तर सोनवळला दुसऱ्या दिवशी मामलेदार कचेरीवर मोर्चा जायचा होता. कचेरीवर तिरंगा लावायचा आणि मामलेदाराकडून किल्ल्या घ्यायच्या. आसपासच्या दोन तालुक्यांत असं झालंही होतं. मामलेदारांनी टोप्या घालून झेंड्याला सलाम ठोकले होते, म्हणे. आमच्या मोर्चाच्या पुढे झेंडा घेऊन दाजी चालणार होते. मी सरकारी नोकर, मला कुणी चल म्हटलं नाही आणि मीही म्हटलं नाही. दाजी संध्याकाळी धडधाकट घरी यावेत, एवढंच मला हवं होतं. स्वराज्य माझ्या यादीत दुसऱ्या नंबरावर होतं, खोटं कशाला बोलू?

भीती कचेरीतल्या आठ पोलिसांची नव्हती. ते सगळे इथलेच, निम्मे आमच्या तालमीतले. भीती जिल्ह्याहून येणाऱ्या बंदूकवाल्यांची. मामलेदारानं माझ्याच खिडकीत एक तार टाकली की दोन तासांत ट्रक सोनवळात. ती तार मी पाठवली नाही तर माझी नोकरी जाणार आणि तुरुंगही मिळणार.

"मग तारच तोडू की," मी दाजींना म्हणालो होतो. "मामलेदार मला तार देईल, मी म्हणेन लाइन बंद. कुणाच्या बापाला काही म्हणता येणार नाही."

दाजी चाकाला आरे बसवत होते. हातोडा थांबला. "आयला! ह्ये खरं डोकं."

आणि मग मी माझी सगळी विद्या पाजळली. गावाजवळ तोडू नका, लाइनमन सायकलवर जाऊन तासाभरात जोडतो. ओढ्यापलीकडचा खांब घ्या. ओढ्याला पाणी आहे, सायकल जात नाही. नुसती कापून सोडू नका, दोन खांबांमधली सगळी तार गुंडाळून घेऊन जा, म्हणजे जोडायला नवी तार जिल्ह्याहून आणावी लागेल. आदल्या दिवशी संध्याकाळी तोडा, म्हणजे रात्रीत दुरुस्ती होत नाही. दाजी मान डोलवत ऐकत राहिले. ज्या माणसानं मला काना-मात्रा शिकायला शाळेत घातलं, तो माझ्याकडून शिकत होता. मला फार बरं वाटलं.

त्या रात्री दाजी जेवायला बसले तेव्हा त्यांचे तळहात गंजानं तांबडे झाले होते. अक्कानं विचारलं, कुठं होता? तर म्हणाले, जुन्या चाकांवरच्या लोखंडी धावा उतरवत होतो. अक्कानं भाकरी वाढली. तिला मोर्चा माहीत होता, तार तोडल्याचं माहीत नव्हतं. बाकीचंही तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

बाकीचं म्हणजे वकिलांचा निरोप. जिल्ह्याला ढवळे वकील होते, सगळ्या तालुक्यांचे मोर्चे तेच ठरवायचे. त्यांनी पंधरा दिवसांपूर्वीच दाजींना सांगून ठेवलं होतं: इथं काही वेडंवाकडं कानावर आलं, तर मी तुमच्या नावे तार करीन, लग्न पुढे ढकललं. तार आली तर थांबायचं. नाही आली तर दिवस ठरल्याप्रमाणे.

"वकिलाची तार न्हाई न्हवं आली?" दाजींनी मला हळूच विचारलं.

"नाही. दिवसभर मीच होतो यंत्रावर."

"उद्या सकाळपातूर वाट बगू. गेनूला धाडतो तुज्याकडं."

"धाडा," मी म्हणालो.

आता हे वाचणाऱ्याला वाटेल, की इतकी कशी माणसं बावळट? मलाही सत्तर वर्षं तेच वाटतंय. एक हुशार सुतार आणि एक मॅट्रिक झालेला तारमास्तर, दोघं एका पंगतीत बसून भाकरी खात होते, आणि दोघांच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. तार तोडली ती सरकारची, आणि वाट बघायची ती आपल्या तारेची. ती काय वेगळ्या वाटेनं येणार होती? पण तेव्हा तसं वाटलंच नाही. तार म्हणजे वारा-पाऊस असल्यासारखी होती आम्हाला. ती आपली असते किंवा कुणाची तरी असते, असा विचार कुणी करत नसे.

सकाळी साडेनऊला गेनू परीट पोस्टात आला. गेनू मोर्चातलाच माणूस, पण मामलेदारापासून पोस्टमास्तरापर्यंत सगळ्यांचे कपडे त्याच्याकडे, त्यामुळे गाठोडं घेऊन तो कुठंही शिरला तरी कुणी हटकत नसे. परचुऱ्यांची धोतरं त्यानं मागच्या खोलीत ठेवली आणि जाता जाता माझ्या टेबलाशी थांबला.

"तार आली का?"

"नाही."

"एकबी न्हाई?"

"एकही नाही."

"मग निगतो आमी." त्याचं तोंड उजळलं. "मारुतीपाशी समदी जमल्यात. चारी वाड्यांची मान्सं आल्याती. आन् बायाबी हाईत, तारमास्तर! बगाय या की खिडकीतनं."

"जा, जा," मी म्हणालो. "दाजींना म्हणावं, जपून."

तो गेला. मी समोर मुकं यंत्र घेऊन बसलो. दहा वाजता आदल्या दिवसाचा तक्ता भरायचा असे. किती तारा गेल्या, किती आल्या, पावणेसहानंतर काय. गेल्या, शून्य. आल्या. मी टाक बुडवला आणि लिहिलं, 'निल'. आमच्या खात्यात काही आलं नाही की तसंच लिहायची पद्धत होती.

परचुरे सहीसाठी तक्ता घेऊन बसले. ते कोकणातले, नियमाला पक्के. स्वतःच्या मुलाचं पत्रसुद्धा टपालाची वेळ झाल्याशिवाय थैलीतून काढत नसत.

"हे काय लिहिलंत, सुतार?"

"काय साहेब?"

"पावणेसहानंतर आलेल्या तारा, निल?"

"आली नाही एकही. म्हणून निल."

"कपाळ माझं! पुण्याला काय शिकवतात हो तुम्हाला?" त्यांनी तक्ता माझ्याकडे सरकवला. "लाइन बंद असताना निल लिहीत नाहीत. निल म्हणजे पलीकडून कुणी काही पाठवलंच नाही. ते तुम्हाला इथं बसून कसं कळलं? पाठवलं असेल, नसेल. तुम्हाला ठाऊक आहे ते एवढंच, की लाइन बंद आहे. तेवढंच लिहा. ठाऊक नाही ते लिहू नका."

मला येत होता तो नियम. पहिल्या आठवड्यात शिकवतात. परीक्षेत मी त्याचं उत्तर लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते.

मी 'निल' खोडलं. वर लिहिलं, 'लाइन बंद'. खोडलेल्या ठिकाणी आद्याक्षरी सही करायची असते, तीही केली. आणि मग माझे कान गरम झाले. गेनूला मी काय सांगितलं होतं? 'नाही.' सांगायला काय हवं होतं? 'मला ठाऊक नाही, गेनू. येऊच शकत नाही. थांबा, कुणाला तरी घोड्यावर जिल्ह्याला पाठवा.' एवढं बोलायला किती वेळ लागला असता? दोन श्वास.

दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. मारुतीच्या देवळापासून कचेरीपर्यंत मोर्चाला पाऊण तास लागणार. पोस्ट बरोबर मधोमध. मी धावत गेलो असतो तर चार मिनिटांत दाजींपाशी पोचलो असतो.

मी उठलो.

"कुठे?" परचुऱ्यांनी विचारलं.

"आलोच. मागं."

मागच्या दारानं मी परसात आलो. तिथं एक विहीर होती आणि धोतरं वाळत घालायची तार होती. बोळातून मोर्चाचा आवाज येत होता, लांबून, जत्रेतल्यासारखा. बोळातून उजवीकडे वळायचं आणि पळत सुटायचं, बस्स. मी विहिरीच्या कट्ट्यापर्यंत गेलो. तिथं उभं राहून मी स्वतःशी हुज्जत घातली, ती मला शब्दन् शब्द आठवते. वकील दर वेळी तार थोडीच करणार आहेत? शंभरातली नव्याण्णव शक्यता, की काही पाठवलेलंच नाही. आणि मी भर रस्त्यात मोर्चात शिरलो तर सगळं गाव बघणार. नोकरी गेली, तुरुंग आला. तार कुणी तोडली हेही बाहेर येणार, म्हणजे दाजीही आत. हे सगळं खरं होतं. पण खरं कारण वेगळं होतं. चारशे माणसांसमोर मला दाजींना सांगावं लागलं असतं, की तुमच्या शहाण्या मेहुण्यानं माती खाल्ली. त्यांनी कौतुकानं ज्याला डोकं म्हटलं, त्या डोक्यात हे आलं नाही. ते माझ्याच्यानं होईना.

मी बादली ओढली. हात धुतले. तोंड धुतलं. धोतराला पुसलं आणि आत येऊन खुर्चीवर बसलो.

परचुऱ्यांनी तक्त्यावर सही केली होती.

गोळीबार अकराच्या सुमाराला झाला. फटाक्यांसारखा नव्हे. जाडजूड फळी वरून टाकावी तसा एकेक आवाज. मी मोजले नाहीत. मोजले असते तर आठवले असते. परचुरे उठून दार लावायला गेले, त्यांना कडी सापडेना, हात नुसता चाचपडत होता. मी बसून होतो. मला वाटलं आता काहीतरी वाटेल. रडू येईल, किंवा मी ओरडेन. काहीच झालं नाही. टेबलावर दौत होती, तिच्या झाकणावर एक माशी बसली होती, ती मी बघत होतो.

तासाभरानं गेनू मागच्या दारानं आला. त्याच्या सदऱ्याला रक्त होतं, त्याचं नव्हतं.

"दाजी पडलं," तो म्हणाला. "आनिक तीन." मग तो खालीच बसला. "ट्रक काल दुपारीच आल्ते म्हनं. डाकबंगल्यामागं उभं हुतं. आमाला कुनालाच म्हाईत न्हाई."

काल दुपारी. म्हणजे आम्ही तार तोडायच्या आधीच. तिकडे सरकारची काय कामं अडली? एक नाही. त्यांच्याकडे ट्रक होते, रेल्वेच्या वेगळ्या तारा होत्या, पोलिसांचं बिनतारी यंत्र होतं. त्या एका तारेवाचून फक्त आमचं अडणार होतं.

"तुज्याकडनं येऊन म्या सांगितलं त्येंला," गेनू म्हणाला. "एकबी तार न्हाई म्हनलं. तर म्हनलं, निवृत्ती बसलाय न्हवं तितं, मग काळजी न्हाई."

परचुऱ्यांनी गेनूला पाणी दिलं. मला म्हणाले, "तुम्ही घरी जा, सुतार. मी बघतो." मी म्हणालो, "सात वाजेपर्यंत ड्युटी आहे, साहेब."  मी खरंच सातपर्यंत बसलो. पुढे त्यांनी माझ्या सेवापुस्तकात शेरा लिहिला, की दंगलीच्या दिवशी सिग्नलरनं आपली जागा सोडली नाही. साहेबाची शाबासकी आली. त्या शेऱ्यावर मला पुढे बढतीही मिळाली.

इतकी वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही. आता सांगतोय त्याला कारण केदार, दाजींचा पणतू. पुण्यात संगणकाचं काम करतो. सरकारनं तारसेवा बंद केली त्या वर्षी तो पेपरचं कात्रण घेऊन माझ्याकडे आला. माझं वय ब्याण्णव, पण कान शाबूत. "आजोबा, गेली तुमची तार," म्हणाला. मी म्हटलं, गेली तर गेली. मग तो उत्साहानं सांगायला लागला. कुठल्याशा बड्या परदेशी कंपनीविरुद्ध त्यांनी मोहीम उघडली होती. ती कंपनी लोकांची माहिती उचलते, पाहिजे त्याचं तोंड बंद करते, असं बरंच काही. हजारो पोरं सामील होती.

"तुम्ही एकमेकांना निरोप कसे देता रे?" मी विचारलं.

"ग्रुप आहे ना. ॲपवर."

"कुणाचं ॲप?"

तो जरा हसला. "त्यांचंच. पण सगळे तिथंच असतात हो, आजोबा. दुसरीकडे कोण येणार?"

"आणि त्यांनी तुमचा एखादा निरोप मधल्या मधे ठेवून घेतला, तर तुला कळणार कसं?"

"काही असलं तर मेसेज येईलच की!"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचं कपाळ रुंद आहे, दाजींसारखं. मग म्हटलं, "केदार, बस इथं." आणि हे सगळं जसं झालं तसं सांगितलं. फक्त शेवटचं सांगितलं नाही. ते इथं सांगतो.

पाचव्या दिवशी लाइन जोडली. जिल्ह्याहून नवी तार आली, लाइनमननं ओढ्यावर दोर बांधून ती पलीकडे नेली. दुपारी तीनला यंत्र कडकडलं. परेराचाच हात. तो नेहमीसारखा नमस्कार-चमत्कार न करता थेट म्हणाला, साठलेल्या अकरा तारा आहेत, घे. मी घ्यायला लागलो. गुळाचा भाव. कुणाच्या सुनेला मुलगा झाला. कुणाची बदली. मी नुसता लिहीत होतो. कान ऐकतात आणि हात लिहितो, मधे डोकं लागत नाही, हीच तर त्या कामाची गंमत.

सातवी तार. बळवंत सुतार, सोनवळ.

हात थांबला नाही. लिहीत गेला. इंग्रजीत मोजके शब्द होते: लग्न पुढे ढकललं, निघू नका. खाली ढवळे. आणि शेवटी, तारघरात तार टाकल्याची वेळ देतात तशी वेळ. मोर्चाचा आदला दिवस, सायंकाळचे सहा वाजून दहा मिनिटं.

यंत्र मुकं झालं होतं पावणेसहाला. पंचवीस मिनिटं. दाजी त्या वेळी ओढ्यातून परत येत असतील, खांद्यावर गुंडाळलेली तार घेऊन. वकिलांना त्या संध्याकाळी पोलिसांनी तारघराच्या पायरीवरच धरलं, हे मला पुढे कळलं. नाहीतर त्यांनी माणूस पाठवला असता.

परेरा थांबला होता. मिळाली का, म्हणून विचारत होता. नियम असा, की पोच दिल्याशिवाय पलीकडचा पुढची तार देत नाही. मी किल्लीवर बोट ठेवलं आणि पोच दिली. मिळाली. त्यानं आठवी सुरू केली.

सातला मी ती तार घेऊन घरी गेलो. ती फाडून टाकायची मला छाती झाली नाही. तार ज्याच्या नावे त्याच्या घरी द्यायची आणि पोच घ्यायची. सही, नाहीतर अंगठा. अक्का पडवीत बसली होती, भिंतीला टेकून. पाच दिवसांत तिचा आवाज पार बसला होता. समोर दाजींचं एक अर्धवट चाक तसंच पडलं होतं, आरे बसवायचे राहिलेलं. मी तिच्या पुढ्यात पोचेचा कागद धरला, तिनं काही न विचारता अंगठा पुढे केला. मी तिच्या अंगठ्याला शाई लावली, ठसा घेतला, फडक्यानं पुसला.

"काय रं ह्ये?" मग तिनं विचारलं.

"तार आलीय. दाजींच्या नावानं. ढवळे वकिलांची."

"वाच की."

मी उघडली. वाचायची गरज नव्हती, अक्षर माझंच होतं. "लग्न पुढं ढकललंय म्हणतात. निघू नका."



"कुनाचं लगीन?"

"त्यांच्या भाच्याचं."

"म्हाईतच न्हाई मला. ह्ये बोललं न्हाईत कदी." तिनं पदर तोंडावरून फिरवला. "मग तू त्येस्नी उलटी तार कर. म्हनावं, आमाला सुतक हाय. आमच्यातलं कोन निगनार हुतं?"

"करतो, अक्का," मी म्हणालो.